माझ्या वजनाला कसलेली गाडी

ऑक्टोबर परत आला. मिटमिट्याच्या पुढे रस्त्याकडेचं गवत पिवळं पडू लागलं आहे. दुपारी ओट्यावर पाय ठेववत नाही, आणि सहा वाजले की तोच ओटा असा गार होतो, जणू दिवसभर काही झालंच नव्हतं. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. या मधल्या तीन-चार आठवड्यांत हवा इतकी स्वच्छ होते, की पडेगावच्या आपल्या गच्चीवरून देवगिरीचा किल्ला नुसता दिसत नाही, त्याचा तासलेला कडासुद्धा दिसतो. मला हा ऋतू फार आवडायचा. गेल्या वर्षीपासून तो आला की राग येतो.

काल इराचा निरोप आला. बारा सेकंदांचा. मागे तिचा भाऊ कबीर काहीतरी आपटत होता. "आजी, आजोबांची गाडी अजून चालते का गं?" एवढंच. मी तो तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा मला राग आला. इरा, तुझ्यावर नाही. तू बारा वर्षांची आहेस, तुला जे सांगितलं गेलं तेच तू म्हणतेस. राग आहे तो सांगणाऱ्यांवर, आणि ऐकून गप्प बसणाऱ्यांवर. गप्प बसणाऱ्यांत मी पहिली होते. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी मुलांना बजावत आले, की आधी मुद्दा लिहा, पाल्हाळ मग. तर मुद्दा असा, की ती गाडी तुमच्या आजोबांची नव्हती. ती अँबॅसिडर मी घेतली, माझ्या पगारातून, एका निवृत्त इंजिनियरकडून, तुमचा बाबा समीर तीन वर्षांचा असताना. आरसी बुकावर माझं नाव आहे. सदतीस वर्षं ती मी चालवते आहे. तुमचे आजोबा माझ्या शेजारी बसायचे.

आता पाल्हाळ.

गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही पंधरा दिवसांसाठी आला होतात. वेरूळला जायचं ठरलं. निघताना तुमचा बाबा सहज स्टिअरिंगला बसला. मुलगा इतक्या लांबून, परदेशातून आलाय, बसू दे, असं म्हणून मी मागे बसले, तुमच्या दोघांच्या मध्ये. स्वतःच्या गाडीत मागे बसायची मला सवय नाही. तिथून बॉनेट दिसत नाही, मुलाच्या मानेवरचे केस दिसतात, आणि गिअर बदलायची वेळ झाली की आपला डावा हात आपोआप उठतो आणि रिकामा खाली येतो. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून गाडी निघाली तेव्हा कबीर हात बाहेर काढून भिंतीला लावायला बघत होता. पुढे घाट लागला.

अँबॅसिडरला वळण आधी कळवावं लागतं. वेग वळणाच्या अलीकडे कमी करायचा, आत शिरल्यावर नाही. समीर तिकडच्या त्याच्या गाडीसारखा शिरला. तिसऱ्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला अशी कलली, की इरा माझ्या मांडीत आली आणि कबीरचं डोकं काचेवर खाडकन आपटलं. टेंगूळ आलं, तो रडला, आणि पुढच्या वळणावर त्याला उलटी झाली. समीरनं गाडी कडेला घेतली. उतरून त्यानं कबीरचं डोकं दोन-दोनदा चाचपून पाहिलं. भीती वाटली की माणूस आधी निर्णय घेतो आणि कारणं नंतर शोधतो. त्यानं तिथेच, घाटात उभ्या उभ्या, निर्णय घेतला.

संध्याकाळी त्याचा शाळेतला मित्र विनोद आला. विनोदचं दुचाकींचं दुकान आहे, आणि शहरात कुणाला काय हवं आहे ते त्याला नेहमी माहीत असतं. एका हॉटेलवाल्याला दारात ठेवायला जुनी गाडी हवी होती. लोक आत जाता-येता तिच्याजवळ फोटो काढतील. समीर म्हणाला, "आई, बाबांची गाडी आहे, ती काही भंगारात जाणार नाही. मानानं उभी राहील." दोघं माझ्या बैठकीत बसून, मी केलेला चहा पीत, माझी गाडी कुठल्या कोपऱ्यात शोभेल ते ठरवत होते. मला कुणी विचारलं नाही, असंही नाही. विनोदनं विचारलं, की काकू, साखर आहे का अजून.

साखर मी दिली. मग सांगितलं, की गाडी कलते याचं कारण ती म्हातारी झाली हे नाही. पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा बार तिला मुळातच नाही. नंतरच्या मॉडेलांना तो होता. तो बसवला की ती कलायची थांबेल. समीर हसला नाही, पण विनोद हसला. बराच वेळ बोलणं झालं, आणि शेवटी समीरनं मला जे दिलं ते त्याच्या मते औदार्य होतं. दिवाळीपर्यंत मुदत. बार बसवायचा, मग विनोद माझ्याबरोबर घाटात येणार. त्याला गाडी ठीक वाटली तर ती राहील, नाही तर हॉटेलात जाईल. तोवर मी ती एकटीनं चालवायची नाही. जाताना त्यानं किल्ली माझ्यासमोर विनोदच्या हातात दिली. दुसरी किल्ली माझ्या कपाटात, नाव घातलेल्या पाकिटात होती. ती मी काढली नाही. शब्द दिला होता. पण ती किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मी शेवटपर्यंत पाहिली.

हे सगळं कसं झालं, याचा विचार मी त्या महिन्यात खूप केला. समीरला मीच त्या गाडीतून शाळेत सोडलं. पावसात वायपर बंद पडला, तेव्हा खिडकीतून हात काढून फडक्यानं काच पुसत गाडी चालवणारी आई त्यानं पाहिली आहे. तरी तो 'बाबांची गाडी' म्हणतो. कारण घरात तसंच म्हणत. आणि तसं म्हणायला सुरुवात मी केली.

माझं माहेर सोयगावजवळच्या एका खेड्यात. आमच्या वस्तीत तेव्हा तीन सायकली होत्या. माझ्या वडिलांनी मला वसतिगृहात ठेवून शिकवलं, इंग्रजीत एम.ए. होऊ दिलं, मान खाली घालून चालायचं नाही एवढं एकच शिकवलं. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा गावी निघालो, आणि गावाअलीकडच्या ओढ्याशी मी गाडी थांबवली. वस्तीत पहिली चारचाकी येणार, सगळे जमणार, आणि जावई शेजारी बसलेला, मुलगी हाकतेय, म्हटल्यावर लोक जावयाला हसणार. मला ते नको होतं. मी उतरले, तुमच्या आजोबांना म्हणाले, अहो, इथून तुम्ही घ्या. त्यांना गाडी येत नव्हती. त्यांना येत होता तो फक्त पहिला गिअर आणि सरळ रस्ता. ओढ्यापासून वडिलांच्या दारापर्यंत रस्ता सरळ होता. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलत, आम्ही वस्तीत शिरलो. दारात उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "जावईबापू, म्हस पुढं गेली की वो तुमच्या." सगळे हसले, आजोबाही हसले. वडिलांनी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "कोण चालवतं?" मी म्हणाले, "हे."

तेवढा एक शब्द. त्यानंतर दर खेपेला आम्ही ओढ्याशी जागा बदलली. गावाला सवय झाली, मग मला झाली. घरी मी समीरला म्हणायचे, जा, बाबांच्या गाडीत बस. फोटो काढायचे तेही मीच, म्हणून प्रत्येक फोटोत स्टिअरिंगवर आजोबांचे हात आहेत आणि मी कुठेच नाही. ते भले गृहस्थ होते. लग्नाकार्यात लोक धावत येऊन त्यांच्या बाजूचं दार उघडायचे, साहेब आले म्हणायचे, आणि ते मान हलवायचे. त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. कधी खरंही सांगितलं नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यावर रागावायला आता जागा नाही, तरी मी रागावते. त्यांना चालतं.

बार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. कबीर, तुमच्या तिकडे त्याला स्वे बार म्हणतात, इथे गॅरेजात बॅलन्सिंग रॉड म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब सळई, दोन्ही टोकं वाकवलेली. ती गाडीच्या नाकाखालून आडवी जाते, आणि टोकं छोट्या दांड्यांनी डावं-उजवं चाक धरणाऱ्या आर्मला जोडलेली असतात. सरळ रस्त्यावर ती काहीच करत नाही. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली, की त्या सळईला पीळ बसतो, आणि पीळ सोडवण्यासाठी ती गाडीला परत ओढते. इतकंच. मला हे यंत्र पहिल्यापासून आवडलं. गरज नसताना गप्प राहणारं आणि गरज पडल्यावर बोलणारं. मला यातलं निम्मंच जमलं होतं.

निवडताना तीन पर्याय होते, ते मी वहीत तीन रकान्यांत मांडले. विनोदनं परदेशातून मागवता येईल असा एक जाडजूड बार फोनवर दाखवला. दुसरा, चिकलठाण्यात एकाकडून नवा करून घ्यायचा. तिसरा, याच गाडीच्या नंतरच्या डिझेल मॉडेलचा, जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाडीखालचा. विनोद म्हणाला, जाड घ्या काकू, जितका जाड तितका बरा. त्यानं आणलेले मिस्त्री रऊफभाई, त्यांचंही तेच. "मोटा डालो, अम्मा. गाडी हिलनाच नै." मी गाडीचं जुनं इंग्रजी पुस्तक उघडून सांगितलं, की जाडी थोडी वाढली की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. फार जाड बार म्हणजे दोन चाकांना एकाच काठीला बांधणं. एक चाक खड्ड्यात गेलं, की धक्का दुसऱ्यालाही. आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा शोधावा लागत नाही. मला अंगठ्याएवढा जाड, जुन्या बाजारातलाच बार हवा होता, कारण तो याच गाडीसाठी कुणीतरी विचार करून ठरवलेला होता. विनोद म्हणाला, "काकू, तुम्ही इंग्रजीच्या ना? मेकॅनिकलच्या नाही." मी म्हणाले, पुस्तक इंग्रजीतच आहे. आणि तोच बार घेतला.

बार जिथे धरला जातो तिथे बसवायच्या नव्या रबरी बुशी औरंगपुऱ्यातून मी स्वतः आणल्या, रिक्षानं जाऊन, चार दुकानं फिरून. दुकानदार प्रत्येक वेळी विचारायचा, कुणी पाठवलंय? तिसऱ्या दुकानात मी उत्तर द्यायचं सोडलं आणि नुसता जुन्या बुशीचा तुकडा काउंटरवर ठेवला.

रऊफभाईंचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मध्ये लांब खड्डा, वर गाडी. पन्नाशीचे, एकटेच काम करतात, बोलतात कमी आणि बोलतात ते पुरुषाशी. मी प्रश्न विचारायचे, ते उत्तर विनोदला द्यायचे. विनोदला कळायचं नाही, तो मान हलवायचा. मला कळायचं, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बार जागेवर धरून पाहिला, तर एक टोक दोन बोटं पुढे येत होतं. रऊफभाईंनी गॅसची बत्ती काढली, तापवून वाकवतो म्हणाले. मी साडी खोचली आणि सरळ खड्ड्यात उतरले. माझ्या वयाची बाई खड्ड्यात उतरलेली त्यांनी पाहिली नसावी, ते एक पाऊल मागे सरकले. मी सांगितलं, हे स्प्रिंगचं पोलाद आहे, तापवलं की त्याचा जीव जाईल, मग तो नुसता गज उरेल. बार वाकवायचा नाही, त्याला धरणारी पट्टी पुढे घ्यायची. त्यांनी बराच वेळ वर, गाडीच्या पोटाकडे पाहिलं. मग बत्ती बंद केली आणि विनोदला म्हणाले, "पढी-लिखी हैं अम्मा." स्तुती होती की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटचे नट कसायची त्यांची एक रीत आहे, आणि ती रीत बरोबर आहे, हे मान्य करायलाच हवं. नवशिके गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना सगळं कसून टाकतात. रऊफभाई तसं करत नाहीत. चाकं जमिनीवर हवीत, आणि गाडीत नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसलेली हवीत. त्या वजनाखाली गाडी जिथे स्थिरावते, तिथे दोन्ही टोकांच्या दांड्यांची लांबी आटे फिरवून अशी जमवायची, की बारला कुठलाच पीळ उरू नये. मग कसायचं. तर ते खड्ड्यातून म्हणाले, रोज जैसे बैठते वैसे बैठो. विनोद स्टिअरिंगला बसला. वर येऊन, मागचं डावं दार उघडून ते मला म्हणाले, अम्मा, तुम पीछे. मी बसले. का बसले, ते विचारू नका. इतकी वर्षं ओढ्याशी जागा बदललेली बाई, तिचे पाय आपोआप गेले. विनोद आडवातिडवा आहे, त्याच्या एकट्यात माझ्यासारख्या दोन मावतील. त्याच्या वजनाला माझी गाडी कसली गेली.

दोन दिवसांनी आम्ही घाटात गेलो. विनोदनं किल्ली दिली, मी चालवायला, तो शेजारी. सकाळ होती, हवा स्वच्छ. पहिल्या डाव्या वळणावर मला वाटलं, झालं. गाडी कलली नाही. मग उजवं वळण आलं आणि खालून टक् असा आवाज झाला. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग डावीकडे ओढ घेत होतं, आणि प्रत्येक उजव्या वळणावर तोच टक्. विनोदनं डॅशबोर्डला हात लावला, तो खुलताबादपर्यंत काढला नाही. वर पोचल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही केलं तेवढं खूप केलं." असं म्हटलं, की समजायचं, संपलं. त्यानं समीरला फोन लावला, मला ऐकू जावं इतक्या जवळ उभं राहून. दिवाळीला पाच दिवस होते. हॉटेलवाल्याला कळवतो, म्हणाला.

त्या दुपारी मी ओट्यावर वही घेऊन बसले. रडले नाही. डावं वळण ठीक, उजवं वाईट, असं लिहिलं, आणि त्या दोन ओळींकडे बघत राहिले. बार तोच, चाकं तीच, मग दोन बाजूंना दोन न्याय का? कसताना गाडी कशी उभी होती ते आठवू लागले. आठवता आठवता मला उजव्या सीटवर विनोदची रुंद पाठ दिसली. घाटात मात्र उजवीकडे मी होते आणि तो डावीकडे. बारला सरळ रस्त्यावरच पीळ पडलेला होता. चूक पोलादाची नव्हती, पुस्तकाची नव्हती. रोज जसे बसता तसे बसा, असं एका शहाण्या कारागिरानं सांगितलं होतं, आणि त्याच्यासकट आम्ही तिघांनी मिळून त्याला खोटं उत्तर दिलं होतं. तिघांत मीही होते. मला इतका राग आला, की पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातलं पाकीट उघडलं आणि गाडी स्वतः काढली. शब्द मोडला, हो. रऊफभाई शेड उघडत होते. मी गाडी सरळ खड्ड्यावर नेऊन उभी केली आणि म्हणाले, सगळे नट सैल करा, परत कसायचे आहेत. त्यांनी गाडीत, मग रस्त्यावर पाहिलं. विनोद कुठे दिसेना.

"गाडी तुम चलाते क्या, अम्मा?"

"छत्तीस वर्षं."

त्यांनी पाना उचलला. "पैले बोलना था ना."

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणाले. "आणि मी बोलले नाही."

ते खड्ड्यात उतरले. बाजूला कोण बसतं, म्हणून विचारलं. कुणी नाही, मी म्हणाले. मागे? कुणी नाही. मग अर्धा तास मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. खालून आटे फिरल्याची बारीक करकर येत होती. ऊन पत्र्याच्या भोकांतून बॉनेटवर पडलं होतं, गोल गोल. एकदा मी चष्मा पुसायला हलले, तर पायाखालून आवाज आला, "अम्मा, हिलो मत." इतक्या वर्षांत त्या गाडीच्या बाबतीत मला थेट उद्देशून कुणी काही सांगितलं असेल, तर ते हे. मी हलले नाही. वर आल्यावर ते विनोदला नाही, मला म्हणाले, की पट्टीचे दोन नट महिन्यानं परत बघून घ्या.

विनोदला मी फोन करून बोलावलं. तो आला, पुढचं दार उघडू लागला. मी म्हणाले, मागे बस, आणि मध्ये बस. बिचारा बसला, गुडघे पोटाशी घेऊन. घाटातली सगळी वळणं मी नेहमीच्याच वेगानं घेतली, मग खुलताबादवरून वेरूळकडे उतरताना जरा जास्त वेगानं. टक् नाही. ओढ नाही. वळणात गाडी किंचित खांदा टाकायची आणि सावरायची, जशी डोक्यावर कळशी घेतलेली बाई वळते. आरशात मी विनोदचे हात पाहिले. ते मांडीवर होते. खाली उतरल्यावर त्यानं खिशातली किल्ली माझ्या हातात ठेवली. वाईट माणूस नाही तो. मग त्यानं समीरला फोन लावला, आणि समीर तिकडून आनंदानं म्हणाला, "वाचली म्हणजे बाबांची गाडी."

तिथे बोलायला हवं होतं. वेरूळच्या त्या रस्त्यावर, बस भरून आलेल्या सहलीच्या मुलांच्या गलक्यात, फोन माझ्या कानाशी होता. मी म्हणाले, हो, वाचली. आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बार बसला होता, मी मात्र होते तिथेच होते. तुम्हाला गेल्या दिवाळीत आजीचा आवाज तुटक वाटला असेल, तर त्याचं कारण हे. फराळ नीट पोचला का, याची ती काळजी नव्हती.

तेव्हापासून वर्ष झालं. दोन नट मी महिन्यानं बघून घेतले. गाडी चालते, इरा, छान चालते. आणि काल तुझा तो निरोप आला, तेव्हा मला कळलं, की मी गप्प बसले तर तू पुढे तुझ्या मुलांना हेच सांगशील. मला ते सहन होणार नाही. समीरला आज रात्री मी फोनवर सांगणार आहे, तोही मोठा झाला आहे, ऐकेल. त्याला माहीतच आहे, असं तो म्हणेल. माहीत असून म्हणतो याचाच मला राग आहे, हे त्याला कळायला वेळ लागेल. लागू दे.

पण सांगायची सवय नसली, की ते वाक्य तोंडात बसत नाही. म्हणून आज सकाळी मी एकटी घाट चढून गेले. वरच्या सपाटीवर बायका सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. मी गाडी थांबवली, काच खाली केली. त्यांच्यातली एक पुढे आली, एका हातानं पदर सावरत तिनं वाकून आधी माझ्या शेजारची सीट पाहिली, मग मागची.

"सायेब न्हाई आले?"

"साहेब नाहीत," मी म्हणाले. इंजिन बंद केलं. "गाडी माझी आहे."

"व्हय?" ती म्हणाली. तिला त्यात नवल असं काही वाटलं नाही. "मंग दोन टोपल्या घ्या की. कुणाला इचारायचंय?"

मी दोन घेतल्या, आणि दोन्ही मागच्या सीटवर, बरोबर मधोमध ठेवल्या.